नागपूरच्या मित्रासाठी साकेची बाटली

प्रश्न : माझी मुलगी ओसाकाला नोकरी करते. मे महिन्यात ती सुट्टीवर घरी येतेय. त्याच महिन्यात माझ्या बालमित्राची साठी आहे. तो शौकीन माणूस आहे, पण जपानी साके त्याने कधी चाखलेली नाही. मुलगी फोनवर विचारते, ‘बाबा, कोणती आणू?’ दुकानात म्हणे शेकडो बाटल्या असतात, किमतीत दहापट फरक असतो आणि लेबलवर पन्नास टक्के, साठ टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. टक्के जास्त म्हणजे साके जास्त कडक का? आणि आपल्या नागपूरच्या उन्हात ती टिकेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी टक्क्यांचं पाहू, कारण निम्मी गफलत तिथेच होते. बाटलीवरचे ते पन्नास-साठ टक्के मद्याचे नसतात. तांदूळ घासून झाल्यावर मूळ दाण्याचा किती भाग उरला, ते त्या आकड्यावरून कळतं. ७० टक्के म्हणजे दाण्याचा वरचा ३० टक्के भाग काढून टाकला. ५० टक्के म्हणजे अर्धा दाणा भुकटी होऊन गेला. आकडा जितका लहान तितकी घासाई जास्त, आणि सहसा किंमतही जास्त. मद्याचं प्रमाण वेगळं छापलेलं असतं. बहुतेक साकेत ते १५ ते १६ टक्के असतं, म्हणजे वाइनपेक्षा जरा जास्त आणि व्हिस्कीच्या निम्म्याहून कमी. तुमच्या मित्राला व्हिस्कीची सवय असेल, तर एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा : साकेत सोडा घालत नाहीत. ती लहान पेल्यातून, सावकाश, जेवणाबरोबर घ्यायची असते.

आता दाणा इतका घासायचा कशासाठी? तांदळाच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. जेवणाच्या भाताला चव येते ती त्यांच्यामुळेच, पण साकेत त्यांचं प्रमाण जास्त झालं तर चव जड आणि खरबरीत होते. साके करणाऱ्याला हवा असतो आतला स्टार्च. म्हणून त्यांचा तांदूळच निराळा असतो. मोठा दाणा, कमी प्रथिनं, आणि मधोमध पांढरा, अपारदर्शक गाभा. ह्योगो प्रांतातला ‘यामादा निशिकी’ हा त्यातला सर्वांत मानाचा वाण, १९३६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. रोप उंच वाढतं आणि वाऱ्यापावसात आडवं पडतं, त्यामुळे पिकवायला अवघड आणि विकत घ्यायला महाग.

पूर्व विदर्भाच्या वाचकाला यातली गंमत चटकन कळेल. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत. त्यांनी स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडल्या, त्यांचं बी वर्षानुवर्षं जपलं आणि १९८०च्या दशकात एचएमटी हा वाण दिला. आज तो महाराष्ट्राबाहेरही लाखो घरांत शिजतो. २०१८ मध्ये दादाजी गेले. त्यांच्या हयातीत त्यांना जे मिळायला हवं होतं त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं मिळालं नाही, हे इथे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांनी निवडलेला दाणा बारीक, शिजल्यावर मऊ आणि चवीचा. साकेसाठी नेमका याच्या उलट दाणा लागतो. खायला बेताचा, घासायला भक्कम. दोन्हीकडे शेतकऱ्याची नजर तितकीच बारीक, पण तांदळाकडून मागणं वेगळं.

या पेयातली खरी कमाल मात्र घासाईनंतर सुरू होते, आणि ती समजली तर बाटली निवडणंही सोपं जातं. मद्य व्हायला साखर लागते. यीस्ट साखर खातं आणि तिचं मद्य करतं. द्राक्षात साखर तयार असते. आपल्या मोहफुलात तर इतकी असते की वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच भरते. म्हणूनच झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या पट्ट्यात, धानाची कोठारं भरलेली असूनही दारू निघाली ती मोहाची. धान खायला आणि मोह गाळायला अशी वाटणी झाली. तांदळात साखर जवळपास नसतेच, असतो तो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. भाताचा घास तोंडात बराच वेळ चावत राहा, हळूहळू तो गोडसर लागतो. लाळेतलं एन्झाइम स्टार्च फोडून साखर करतं म्हणून. जपानी लोकांनी हे काम एका बुरशीवर सोपवलं. तिचं नाव कोजी.

वाफवलेल्या तांदळावर कोजीचं बीज भुरभुरतात आणि उबदार, दमट खोलीत दोन दिवस राखण करतात. पांढरी बुरशी दाण्यात शिरते. मग हा कोजीचा तांदूळ, आणखी वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट एकाच पिंपात एकत्र येतात. एकीकडे कोजी स्टार्चची साखर करत असतो, दुसरीकडे यीस्ट त्याच साखरेचं मद्य करत असतं. ही दोन कामं एकाच भांड्यात, एकाच वेळी, थंडीच्या दिवसांत तीन-चार आठवडे चालतात. साखर थोडी थोडी तयार होते आणि लगेच वापरली जाते, त्यामुळे यीस्ट गुदमरत नाही आणि मद्याचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढतं. भट्टी न लावता, फक्त आंबवून. मग पाणी घालून ते १५-१६वर आणतात. झारखंड-ओडिशातली हंडिया आणि आसामातली तांदळाची पेयं याच जातीची आहेत, तिथेही बुरशी आणि यीस्ट असलेल्या वड्या तांदळात मिसळतात. जपानने या कामाला कारखानदारीची शिस्त आणि शतकांची नोंदवही दिली. डिसेंबर २०२४ मध्ये कोजीने मद्य करण्याची ही परंपरागत कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. हंडिया किंवा मोहाच्या वाट्याला असा मान कधी आला नाही. आपल्याकडे मोहाकडे गुन्ह्याच्या नजरेनेच जास्त पाहिलं गेलं. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, तसं विदर्भाच्या मोहासाठी कुणीतरी झटायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता लेबल. मुलीला चार नावं पाठ करायला सांगा, एवढ्यावर दुकान सर होतं. ‘जुनमाई’ म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट यांखेरीज त्यात काही नाही. ‘होंजोझो’मध्ये शेवटी थोडं शुद्ध मद्य मिसळतात आणि दाणा ७० टक्के किंवा त्याहून कमी उरलेला असतो. ‘गिंजो’त ६० किंवा कमी, ‘दाईगिंजो’त ५० किंवा कमी. नावाच्या आधी जुनमाई लागलं, उदाहरणार्थ ‘जुनमाई गिंजो’, तर वरून मद्य मिसळलेलं नाही असं समजायचं. बाहेरून मद्य घालणं म्हणजे फसवणूक असा आपला समज होतो, पण या वर्गांत त्याला कायद्याची कडक मर्यादा आहे आणि उद्देश असतो सुगंध खुलवण्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर तांदळाचा तुटवडा पडला, तेव्हा मद्य आणि साखर भरमसाट मिसळून साके फुगवली जात असे. बदनामी तेव्हाची आहे. चांगला होंजोझो गुपचूप बऱ्याच महागड्या बाटल्यांना मागे टाकतो.

टक्क्यांच्या या आकड्यांतून एक चूक सर्रास होते, आणि भेटीसाठी बाटली घेणारा माणूस तर हटकून करतो. लहान आकडा म्हणजे उत्तम साके, असं धरून तो सर्वांत जास्त घासलेली बाटली उचलतो. यामागुचीच्या ‘दास्साई’ची एक बाटली दाणा २३ टक्के उरेपर्यंत घासून केलेली असते, म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त तांदूळ काढून टाकलेला. ती सुंदर असते, नाजूक, फुलांच्या आणि फळांच्या वासाची. पण घासाईचा आकडा खर्च सांगतो, गुण सांगत नाही. जास्त घासलेला दाणा थंडीत सावकाश आंबवला की यीस्ट केळं, सफरचंद यांच्यासारखे वास सोडतं. तो वास एका प्रकारच्या जेवणाला शोभतो, दुसऱ्याला नाही.

म्हणून पहिला प्रश्न बाटलीचा नाहीच. साठीच्या रात्री ताटात काय असणार? तुम्ही नागपूरचे, मित्र शौकीन, तेव्हा सावजी मटणाची शक्यता मी गृहीत धरतो. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला तो काळा, झणझणीत रस्सा, वर तेलाची तर्री. त्याच्यापुढे दाईगिंजोचा नाजूक वास एका घासात हरवेल, आणि तुमच्या मुलीने खर्चलेले पैसे रश्श्यात बुडतील. सावजीसमोर उभी राहते ती अंगाने भरलेली, थोडी आंबटसर जुनमाई. लेबलवर ‘किमोतो’ किंवा ‘यामाहाई’ असा शब्द दिसला तर ती बाटली हातात घ्यावी. या जुन्या पद्धतीत विरजण नैसर्गिक लॅक्टिक जिवाणूंकडून तयार होतं, त्याला जवळजवळ महिना लागतो आणि साके दमदार होते. दुसरा पर्याय ‘निगोरी’, म्हणजे जाड गाळलेली, दुधाळ, गोडसर साके. ती गार करून दिली तर तिखटाने पेटलेल्या जिभेला निववते. साके पहिल्यांदा घेणाऱ्याला ती सहसा आवडते. उलट मित्राच्या घरी त्या दिवशी साधा बेत असेल, वडाभात, पाटोडी, किंवा मीठ-लिंबाची तळलेली मासळी, तर जुनमाई गिंजो आणा. शौकीन माणूस जेवणाआधी, काही न खाता, दोन पेले शांतपणे चाखणारा असेल, तरच दाईगिंजोवर खर्च करा.

ओसाकात राहणाऱ्या मुलीचा तुम्हाला मोठा फायदा आहे. साकेची दोन सर्वांत नावाजलेली गावं तिच्या हाकेच्या अंतरावर आहेत. पश्चिमेला कोबे आणि निशिनोमिया यांच्या किनाऱ्याचा नादा भाग, आणि ईशान्येला क्योतोचं फुशिमी. नादाचं ‘मियामिझु’ पाणी कठीण, लोह अगदी कमी. त्यात आंबण्याची क्रिया जोरात होते आणि साके कोरडी, ताठ निघते. फुशिमीचं पाणी त्यामानाने मृदू, म्हणून तिथली साके मऊ आणि किंचित गोड. नादामध्ये किकुमासामुने १६५९ पासून, हाकुत्सुरु १७४३ पासून आहे. फुशिमीत गेक्केइकान १६३७ पासून, म्हणजे शिवाजी महाराज सात वर्षांचे होते तेव्हापासून. या तिन्ही घरांची संग्रहालयं आहेत, तिथे जुनी लाकडी पिंपं आणि हत्यारं पाहता येतात. मुलीने एका रविवारी नादाला जाऊन किकुमासामुनेची किमोतो पद्धतीची बाटली चाखून आणली, तर मित्राला सांगायला गोष्टही मिळेल. भेटीत ती गोष्ट बाटलीइतकीच मोलाची असते. उत्तरेकडच्या निगाताची हाक्काइसान किंवा कुबोता मिळाली तर त्याही निर्धास्त घ्याव्यात. स्वच्छ, कोरडी, पाण्यासारखी उतरणारी साके आवडणाऱ्यांसाठी त्या आहेत.

आता तुमचा शेवटचा आणि सर्वांत नेमका प्रश्न. नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, नवतपात तर घराच्या भिंतीही रात्रभर तापलेल्या असतात. व्हिस्की ते सहन करते, कारण तिच्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त मद्य असतं. साके सहन करत नाही. उष्णता आणि उजेड हे तिचे दोन वैरी. उन्हात राहिली की रंग पिवळट होतो आणि कुजकट, जुनाट वास येतो. बाटल्या तपकिरी किंवा गडद हिरव्या असतात त्या उजेड अडवण्यासाठीच. म्हणून पहिला नियम : नावात ‘नामा’ असलेली बाटली आणू नका. ‘नामाझाके’ म्हणजे न तापवलेली साके. तिच्यातली एन्झाइमं सक्रिय असतात, ती कायम फ्रिजमध्येच लागते, आणि ओसाका ते प्रतापनगर या प्रवासात ती बिघडण्याचीच शक्यता जास्त. साधी साके सहसा दोनदा, सुमारे ६५ अंशांपर्यंत तापवून जंतुमुक्त केलेली असते. मुलीने दुकानदाराला ‘दोनदा तापवलेली’ एवढंच विचारलं तरी तो बरोबर बाटली काढून देईल.

दुसरा नियम ताजेपणाचा. वाइनसारखी साके बाटलीत मुरत नाही, काही खास जुनवलेले प्रकार सोडले तर ती वर्षभरात प्यायची असते. बाटलीवर बाटलीबंद केल्याचा महिना छापलेला असेल तर तो पाहावा. जपानी वर्ष छापलेलं असेल तर त्यात २०१८ मिळवावेत, कारण सध्याचं रेइवा पर्व २०१९ मध्ये सुरू झालं. ७ म्हणजे २०२५, ८ म्हणजे २०२६. घरी आल्यावर बाटली थेट फ्रिजमध्ये, उभी. विदेशी बाटली दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये मांडून ठेवायची आपल्या मध्यमवर्गात पद्धत आहे, कुणी आलं की दाखवायला. साकेचं असं करू नका. दोन उन्हाळे शोकेसमध्ये काढलेली साके मित्राला देणं म्हणजे त्याला रिकामी बाटली देण्यासारखंच आहे.

प्रवासाचं थोडक्यात. सीमाशुल्काच्या नियमाप्रमाणे प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. साकेची नेहमीची बाटली ७२० मिलिलिटरची, तेव्हा दोन बसतात, तिसरी बसत नाही. १.८ लिटरची मोठी बाटलीही जपानमध्ये मिळते, पण दोन माणसांत ती वेळेत संपणार नाही. जपानहून नागपूरला थेट विमान नाही. मुलगी दिल्लीला किंवा मुंबईला उतरेल, सामान सोडवून घेईल आणि पुन्हा देशांतर्गत विमानात चढेल. बाटली चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत असू द्या. हातातल्या बॅगेतलं मद्य देशांतर्गत तपासणीत अडकू शकतं.

मुंबईहून ती रेल्वेने किंवा गाडीने येणार असेल, तर मात्र इकडे लक्ष द्या. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग काय किंवा समृद्धी महामार्ग काय, दोन्ही त्याच जिल्ह्यातून नागपुरात येतात. भेटीची बाटली घेऊन त्या वाटेने येऊ नये. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मधली बंदी २०२१ मध्ये उठली, पण साठीचा कार्यक्रम वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला किंवा गडचिरोलीतल्या आरमोरीला ठेवला असेल तर बाटली नागपुरातच राहू द्या. शिवाय महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा किंवा आजीवन परवाना मिळतो. तुमच्याकडे आणि मित्राकडे तो नसेल तर साठीच्या आधी काढून घ्या. कागदपत्रं थोडी आहेत आणि खर्च नगण्य.

भारतात घ्यायची ठरली तर? मुंबई, दिल्ली, बेंगळुरूत काही दुकानांत आयात साके मिळते, पण करांमुळे तीच बाटली कितीतरी पटींनी महाग पडते आणि दुकानदाराने ती किती काळ आणि कशा गोदामात ठेवली होती, हे कळायला मार्ग नसतो. मुलगी येतेच आहे, तेव्हा तिकडचीच आणा.

थोडक्यात तुमच्या मुलीला एवढंच कळवा : ७२० मिलिलिटरची किमोतो पद्धतीची जुनमाई, दोनदा तापवलेली, गेल्या सहा महिन्यांत बाटलीबंद झालेली. दुसरी बाटली बसत असेल तर एक छोटी निगोरी.

प्रश्न : साके गरम करूनच पितात ना? मग उन्हाळ्यात कशी घ्यायची?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : गरमही घेतात आणि गारही, आणि दोन्हींच्या मधल्या प्रत्येक पायरीला जपानीत नाव आहे. ४० अंशांच्या आसपासची कोमट, ५०ची गरम. तापवायची ती जुनमाई किंवा होंजोझो. उष्णतेने त्यांची तांदळाची चव उमलते आणि आंबटपणा गोलसर होतो. गिंजो आणि दाईगिंजो तापवली तर वास उडून जातो, ती गारच ठेवावी, पण बर्फाइतकी थंड नको, तेव्हाही वास बंद होतो. तापवताना साके विस्तवावर किंवा गॅसवर थेट ठेवत नाहीत. चिनीमातीची सुरई गरम पाण्यात उभी करतात. नागपूरला हे करून पाहायला डिसेंबर-जानेवारी उत्तम, पारा दहाच्या खाली उतरतो त्या रात्री. मे महिन्यात फ्रिजमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवून द्या. आणि एक रीत पाळा : आपला पेला आपण भरायचा नाही, मित्राचा आपण भरायचा आणि आपला त्याने.

प्रश्न : तांदूळ आपल्याकडे मुबलक आहे. घरी साके करता येईल का?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. जपानमध्येही घरी १ टक्का किंवा त्याहून जास्त मद्य असलेलं पेय परवान्याशिवाय करता येत नाही. तुमच्या जिल्ह्याचा चिन्नोर तांदूळ इतका सुगंधी आहे की तो वाफवून ताटात वाढावा. साकेच्या पिंपात त्याचा सुगंध टिकणार नाही, आणि दाणा लहान असल्यामुळे घासताना तुटेल.

प्रश्न : आमच्या घरी पंचशील पाळतात, आम्ही मद्य घेत नाही आणि देतही नाही. पण माझ्या मैत्रिणीला जपानची ओढ आहे. मूळचे जपानचे भिक्खू भदंत सुरेई ससाई यांच्यामुळे आमच्या वस्तीचं जपानशी जुनं नातं आहे. तिला जपानची काय भेट द्यावी?
— एक वाचक, इंदोरा, नागपूर

उत्तर : तुमचा प्रश्न या सदरासाठी फार मोलाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या घरात ती मनापासून पाळली जाते तिथे ‘एवढी परदेशची बाटली आहे, घ्या हो’ म्हणत आग्रह करणं हे मैत्रीत बसत नाही. इतर वाचकांनीही बाटली निवडण्याआधी मित्र घेतो का, त्याच्या घरी चालते का, औषधं कोणती सुरू आहेत, एवढं जरूर पाहावं.

साकेमागची ती कोजीची कमाल तुमच्या मैत्रिणीला मद्याशिवायही देता येते. ‘आमाझाके’ नावाचं पेय असतं. शिजलेल्या भातात कोजी घालून आठ-दहा तास ५५-६० अंशांवर उबेत ठेवतात. स्टार्चची साखर होते, पण यीस्ट घातलेलंच नसतं, म्हणून मद्य तयार होत नाही. साखरेचा एक दाणाही न घालता ते गोड लागतं. जपानमध्ये लहान मुलंही ते पितात, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम. मात्र घेताना काळजी घ्या : आमाझाकेचे दोन प्रकार असतात. दुसरा प्रकार साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून करतात आणि त्यात थोडं मद्य राहतं. तुम्हाला हवा तो ‘तांदूळ आणि कोजी’चा. त्यात चोथा नसतो, आणि घटकांच्या यादीत तांदूळ, कोजी आणि पाणी याशिवाय सहसा काही लिहिलेलं नसतं. तो पाकिटांत आणि लहान बाटल्यांत मिळतो. त्याच्या जोडीला क्योतोजवळच्या उजीचा हिरवा चहा द्या. चहा हवाबंद डब्यातला असेल तर नागपूरच्या उन्हातही कपाटात बरेच महिने राहतो, आमाझाके मात्र उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावं.